वुड फिनिश, पीप आणि पिंप

प्रश्न असा आहे: बर्बन म्हणजे मुख्यतः मक्याची अमेरिकी व्हिस्की; तर 'वुड-फिनिश्ड बर्बन'ला मराठीत काय म्हणावं, चव सांगताना 'फिनिश' म्हणतात ते हेच का, आणि उच्चार बर्बन की बोर्बन?

'लाकडी मुलाम्याची बर्बन' असं भाषांतर कोणी सुचवलं असेल तर ते आधी खोडा. सनमायका, फरश्या आणि पंख्याची पाती विकणाऱ्यांनी 'वुड फिनिश' म्हणजे 'लाकूड नव्हे, पण लाकडासारखं दिसणारं' हा अर्थ आपल्या डोक्यात इतका पक्का बसवला आहे की बाटलीवर ते शब्द दिसले तरी प्लायवूडच आठवतं. इथे लाकूड खरं असतं, आणि एकदा नव्हे, दोनदा लागतं. तसंच 'स्मोकी'. पीप आतून जाळलेलं, म्हणून बर्बन 'स्मोकी', असं छातीठोक सांगणारे हल्ली जागोजाग भेटतात. काही स्कॉचना धुराचा वास असतो तो जव पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या वाळक्या ढेकळांच्या, धुरावर वाळवतात म्हणून. बर्बनच्या पिपाला १५ ते ५५ सेकंद जाळ देतात, त्यातून धूर नव्हे, व्हॅनिला आणि जळत्या साखरेचा वास येतो.

आता 'फिनिश'. एकाच शब्दात दोन गोष्टी अडकल्या आहेत. एक कृती, दुसरी जाणीव.

कृती अशी. अमेरिकी नियमाप्रमाणे बर्बनमध्ये निदान ५१ टक्के मका हवा आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओकमध्ये मुरायला हवी. मुरून झाल्यावर तीच दारू दुसऱ्या लाकडाच्या संगतीत काही आठवडे वा महिने ठेवली, की झालं 'फिनिशिंग'. हवापालट आहे, खांदेपालट आहे, मग पीपपालट का नको? 'एंजल्स एन्व्ही' ही बर्बन पोर्ट या पोर्तुगीज गोड वाइनच्या पिपांत जाते. 'वुडफर्ड रिझर्व्ह डबल ओक्ड' दुसऱ्या कोऱ्या पिपात जाते. हे पीप खोलवर शेकलेलं आणि वरवर जाळलेलं असतं. (शेकणं आणि जाळणं एक नव्हे; 'टोस्टेड'ला आपल्याकडे 'खरपूस' असताना 'भाजका ओक' कशाला?) 'मेकर्स मार्क ४६'मध्ये मात्र पीप पालटत नाही. पीप रिकामं करून त्यात फ्रेंच ओकच्या दहा शेकलेल्या फळ्या अडकवतात आणि तीच बर्बन साधारण नऊ आठवडे पुन्हा आत ठेवतात. 'पीपपालट' इथे लंगडा पडतो, हे मान्य. 'फळीमुरवण' म्हणा, पण मुलामा नको.

आणि या सगळ्यात ज्याच्यावर बोलायला हवं ते 'पीप'. काही जण हा शब्द इंग्रजी 'पाइप'चा अपभ्रंश म्हणून निकालात काढतात. कान नावाचा अवयव वापरला असता तर ही वेळ आली नसती. इंग्रजी 'पाइप' मराठीत आला तो 'पाइप' म्हणूनच आला आणि नळी होऊन बसला. त्यातला 'आइ' गिळून 'ई' कोणी केला असता? पोर्तुगीजमध्ये पिपाला म्हणतात 'पीपा', आणि आपण शेवटचा 'आ' सोडला. शिवाय तो एकटा आलेला नाही. बादली 'बाल्द'वरून, घमेलं 'गामेला'वरून, पीप 'पीपा'वरून. भांडी एकाच गलबतातून उतरली. पुढे पिपाच्या नाकात अनुस्वार शिरला आणि घरोघरी पाण्याचं 'पिंप' झालं, आता तर निळ्या प्लास्टिकचं.

गंमत याहून मागे आहे. लॅटिन 'पीपारे' म्हणजे पिलासारखं चिवचिवणं. त्यावरून बारीक आवाजाची बासरी, बासरीवरून नळी, नळीवरून लांबट पीप. म्हणजे पाण्याचं पिंप मुळात चिवचिवणारं पिल्लू! आपली पिपाणीही त्याच आवाजातून जन्मली असणार, असं माझं मत आहे. ती पोर्तुगीजांकडून आली असं मी म्हणत नाही, कारण 'पी पी' ऐकायला लिस्बनला जावं लागत नाही. पण पीप आणि पिपाणी कानाने सख्ख्या आहेत, यावर मी हटणार नाही.

आणि पोर्ट वाइन ज्या पिपात मुरते त्याला पोर्तुगालमध्ये आजही 'पीपा'च म्हणतात. त्यात साधारण ५५० लिटर मावतात, तर बर्बनच्या पिपात सुमारे २००. हे माप बिनकामाचं नव्हे. पीप लहान तितकं दर लिटरला लाकूड जास्त भिडतं आणि चव लवकर उतरते. लहान पिपात मुदत चुकली की दारू तुरट होते.

दुसरा अर्थ जाणिवेचा: घोट गेल्यावर जे रेंगाळतं ते. 'शेवट' हे भाषांतर बावळट आहे, कारण ते तर घोट संपल्यावर सुरू होतं. एका विद्वानाने आयुर्वेदातलं 'विपाक' सुचवलं. विपाक पचनानंतरचा असतो, तो परिणामावरून ओळखायचा, जिभेवर सापडत नाही. चरकसंहितेत नेमका शब्द आहे, 'अनुरस': मुख्य रसामागून किंवा अस्पष्टपणे जाणवणारा. घ्या आणि वापरा.

पालट साधला की नाही हे अनुरसातच कळतं. त्यासाठी मूळ बर्बन शेजारी हवी. वुडफर्ड आणि तिची डबल ओक्ड अमेरिकेत दोन्ही ४५.२ टक्क्यांच्या आहेत, म्हणून जोडी सोयीची: फरक दिसेल तो लाकडाचा, दारूच्या जोराचा नव्हे. तोंडाशी निमुळत्या ग्लासात प्रत्येकी २० मिली ओतून दहा मिनिटं थांबा. वास घेताना तोंड किंचित उघडं ठेवा, नाहीतर नाकाला फक्त स्पिरिटची झणझण कळते. पहिला घोट जीभ ओली करण्यापुरता, त्यावर मत देऊ नका. दुसरा आठ-दहा सेकंद तोंडात फिरवा, गिळा आणि गप्प बसा. मका आणि व्हॅनिला आधी येऊन दुसरं लाकूड त्यांच्यातूनच वर आलं, तर पालट जमला. द्राक्षाचा गोडवा वेगळा तरंगला आणि दारू खाली राहिली, तर घाई झाली. कच्चं जांभूळ खाल्ल्यासारख्या हिरड्या आवळल्या, तर फळ्या जास्त वेळ राहिल्या. विझलेल्या काडीचा वास आला तर बहुतेक शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिपातला गंधक. मग पाणी: ४५.२ टक्क्यांच्या २० मिलीत ३ मिली घातलं की जोर ३९ च्या आसपास येतो आणि दडलेले वास वर येतात. बर्फ घालून निकाल देणाऱ्याचं ऐकू नका. थंडीत वास दबतो आणि तुरटपणा तेवढा उरतो.

लेबलही वाचा. दुसरं पीप कोरं आणि जाळलेलं असेल तर 'स्ट्रेट बर्बन' (निदान दोन वर्षं मुरलेली) हे नाव टिकतं. पोर्टच्या पिपात गेली की नुसतं तेवढं लिहून भागत नाही, 'पोर्टच्या पिपात फिनिश केलेली' हेही सांगावं लागतं.

राहिला उच्चार. दारू बर्बन, बिस्किट बोरबॉन. नाव दोघांचं फ्रान्सच्या एकाच राजघराण्याचं, पण दुकानात घोळ घालू नका.