आधी पान, मग व्हिडिओ

प्रिय पोरी,

शनिवारी तू गेलीस आणि मला रात्री झोप लागली नाही. निफाडहून एवढ्या थंडीत स्कूटीवर आलीस, चहा पुढे तसाच गार झाला आणि म्हणालीस, "सर, असाइनमेंटला पैकीच्या पैकी पडतात, पण आजीनं विचारलं काय शिकतेस, तर एक वाक्य सांगता आलं नाही." थंडीनं द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवून तुम्ही सगळे जागत होतात, तेव्हाची ही गोष्ट.

मी तुला तेव्हा नीट उत्तर दिलं नाही, आता देतो. तू अजून काही वाचलेलंच नाहीस.

जानेवारीच्या सत्रात एनपीटेलवर, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन शिकवणीत, तत्त्वज्ञानाचे तीन कोर्स घेतलेस, बारा-बारा आठवड्यांचे. व्हिडिओ दीडपट वेगानं बघतेस. तिथला गुणांचा हिशोब तुला तोंडपाठ आहे: बारांपैकी चांगल्या आठ असाइनमेंटच्या सरासरीचे २५ टक्के, परीक्षेचे ७५. देकार्तसारख्या फ्रेंच तत्त्वज्ञाचं एक पान न उघडताही त्या हिशोबात उत्तीर्ण होता येतं. कोर्सना मी नावं ठेवत नाही. तिथले प्राध्यापक माझ्याहून चांगलं शिकवतात, आणि निफाडच्या मुलीला ते घरबसल्या मिळतंय याचा मला आनंदच आहे. पण आधी पान, मग व्हिडिओ. व्हिडिओ आधी पाहिलास तर पानात तुला तेवढंच दिसेल जेवढं सरांनी दाखवलं.

देकार्तचा १६४१ साली छापलेला 'चिंतनं' हा ग्रंथ, त्यातलं पहिलंच चिंतन घे. देकार्त विस्तवाजवळ बसलाय, अंगात हिवाळ्यातला झगा, हातात कागद, आणि विचारतो की मी हे स्वप्नात पाहत नाही कशावरून? तुझ्या वहीत त्याचं काय झालंय? 'स्वप्नाचा युक्तिवाद, तीन मुद्दे'. अगं, तू स्वतः शेकोटीपाशी बसली होतीस! दुसऱ्या चिंतनात मेणाचा तुकडा आहे. नुकताच पोळ्यातून काढलेला, मधाची चव आणि फुलांचा वास अजून गेलेला नाही. विस्तवाजवळ नेला की चव, वास, रंग, आकार सगळं जातं, तरी आपण म्हणतो, मेण तेच. डोळ्यांनी, नाकानं, जिभेनं सांगितलेलं तर सगळं बदललं, मग 'तेच' हे कोणी सांगितलं? हे आजीला सांगता आलं असतं, आणि तिनं उलट प्रश्नही विचारले असते. या ग्रंथावरच्या आक्षेपांना उत्तर देताना देकार्तनं लिहून ठेवलंय की पहिल्या चिंतनातल्या विषयांवर वाचकानं काही महिने, निदान काही आठवडे घालवावेत. तू पंचवीस मिनिटं घालवलीस.

माझा खरा राग माझ्यावरच आहे. चौदा वर्षं मी वर्गात नोट्स सांगितल्या. मुलं उतरवून घ्यायची, उत्तीर्ण व्हायची. एकदा एका मुलानं विचारलं, "सर, तुम्ही कांट वाचलाय?" मी हो म्हणालो. खरं तर त्या जर्मन तत्त्वज्ञाच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेपलीकडे गेलो नव्हतो. त्या 'हो'ची आजही लाज वाटते. पुढच्या वर्षापासून तासाला एक पान मोठ्यानं वाचायला लागलो. पोर्शन पुरा होईना, पालक आले, वरिष्ठांनी लेखी समज दिली. निकालही घसरला, ते नाकारत नाही. पण मी चुकलो नव्हतो. त्या वर्गातली दोन मुलं अजून फोन करून एखाद्या वाक्यावर भांडतात. नोट्सच्या चौदा वर्षांतलं कोणी भांडत नाही.

म्हणून सांगतो, दोन कोर्स सोड, एक ठेव. आठवड्याला मूळ ग्रंथाचं एकच पान. देकार्तची जुनी इंग्रजी भाषांतरं फुकट मिळतात. पान हातानं उतरवून काढ आणि खाली मराठीत लिही की तो नेमकं काय म्हणतोय. मराठीतच. 'माइंड'ला तू झटकन 'मन' लिहिशील, आणि तिथेच अडकशील. कारण आपल्याकडच्या वैशेषिक दर्शनानं जगाची जी नऊ द्रव्यं, म्हणजे मूळ तत्त्वं, मानली, त्यांत आत्मा वेगळा आणि मन वेगळं. जाणणारा तो आत्मा. मन हे त्याचं नुसतं आतलं साधन, तेही अणूएवढं. मग देकार्तचा जाणणारा 'मी' मन की आत्मा? मला विचारू नकोस. दोन दिवस अडकून राहा. वाडेकरांनी संपादित केलेला तत्त्वज्ञान महाकोश माझ्याकडे आहे, पण तोही नंतर. आधी पान.

क्रेडिट कमी पडतील, वडील बोलतील. बोलू देत. त्यांच्याशी मी बोलेन.

पुढच्या शनिवारी ये. लॅपटॉप घरी ठेव. मेणाचं पान मराठीत लिहून आण, आणि आणण्याआधी आजीला वाचून दाखव. ती जिथे जिथे "म्हणजे काय गं?" म्हणेल, तिथे पेन्सिलीनं खूण कर. आपण त्या खुणांपासून सुरुवात करू.

तुझे सर,
नाशिक