ग्लोव्हज घातले की अंगावर गांधी उठतात, बहिणीनं नर्सची नोकरी सोडावी का?

बहीण बेळगावात नर्स आहे, ग्लोव्हज घातले की लगेच खाज सुटते, गांधी उठतात, हल्ली शिंकाही येतात, असं तुम्ही लिहिलंय. नोकरी सोडायची गरज नाही. पण लॅटेक्सच्या, म्हणजे रबराच्या चिकापासून बनवलेल्या ग्लोव्हजना तिनं उद्यापासून हात लावू नये.

मी खानापूर तालुक्यातली, १२ वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात आहे. मलाही असंच व्हायचं. आई म्हणायची, पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लाव. दोन वर्षं तेच लावत राहिले. मग एका सिझेरियनला ग्लोव्हज चढवून दहा मिनिटंही झाली नसतील, ओठ सुजले, घसा आवळला, डोळ्यांपुढे अंधारी आली. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तिथंच मांडीत ॲड्रिनलिन दिलं म्हणून वाचले. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे आधी ॲव्हिल टोचून वाट बघत बसतात. दम लागला, घसा आवळला, तर पहिलं औषध ॲड्रिनलिनच.

एक-दोन दिवसांनी पुरळ उठतं, कातडी भेगाळते, ते बहुतेकदा ग्लोव्हज बनवताना घातलेल्या रसायनांमुळं. त्रास होतो, जिवावर बेतत नाही. बहिणीचं तसं दिसत नाही. काही मिनिटांत गांधी आणि शिंका म्हणजे रबराच्या चिकातल्या प्रथिनांची ॲलर्जी असण्याची शक्यता जास्त, आणि ती पुढच्या खेपेला किती भडकेल याचा नेम नसतो.

ग्लोव्हजमधली पावडर म्हणजे मक्याचं पीठ. चिकातली प्रथिनं तिला चिकटतात आणि ग्लोव्हज ओढून काढले की हवेत उडतात. त्यामुळं शेजारच्या सिस्टरनं घातले तरी हिला धाप लागू शकते. अमेरिकेनं पावडरचे ग्लोव्हज २०१७ पासून बंद केले ते उगाच नाही. म्हणून एकट्या बहिणीनं नायट्राइलचे, म्हणजे लॅटेक्स नसलेले ग्लोव्हज घालून भागत नाही, निदान पावडरचे ग्लोव्हज तरी सगळ्या वॉर्डातून जायला हवेत. मेट्रनकडे लेखी अर्ज द्यायला सांगा. आमच्याकडे सगळ्यांनी बदलले, म्हणून मी अजून ओटीत उभी आहे.

ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून लॅटेक्सच्या ॲलर्जीसाठी आयजीईची रक्ततपासणी करून घ्या. तिचं स्वतःचं बाळंतपण, ऑपरेशन, दाताचं काम असेल तेव्हा केसपेपरवर 'लॅटेक्स ॲलर्जी' लिहून घ्यावं, आणि आपल्या भागात आयांना, वॉर्डबॉयना कन्नडमध्येही सांगून ठेवावं. घरात रबरी फुगे नकोत, तेही लॅटेक्सचेच.

केळं, पपई किंवा किवी खाल्ल्यावर तिच्या तोंडाला खाज येते का, हे आजच फोन करून विचारा. लॅटेक्सची ॲलर्जी असली की या फळांचाही त्रास होऊ शकतो, म्हणून खाज येत असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा.