फितूर पोलीस आणि व्याप्त खारकीव : वाचकांचे प्रश्न

खारकीव प्रांताच्या व्याप्त, म्हणजे रशियन सैन्याने बळकावलेल्या, पट्ट्यावर रशियाने नेमलेला विताली गानचेव हा मुळात युक्रेनच्या पोलिसांतला माणूस. त्याच्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काहींची ही उत्तरं.

पोलीस अधिकारी एकदम प्रांताचा कारभारी कसा झाला? (सांगली)

एकदम नाही, वाटेत आठ वर्षं गेली. २०१४ मध्ये पूर्व युक्रेनमधल्या लुहान्स्कमध्ये रशियाच्या जोरावर फुटीरांनी सत्ता घेतली, तेव्हा गानचेव त्यांच्या बाजूला गेला. पुढे २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाचं आक्रमण झालं. तीनच दिवसांनी, २७ तारखेला, खारकीव प्रांतातल्या कुप्यान्स्कच्या महापौराने शहर न लढता सोडून दिलं. नाहीतर शहरावर हल्ला होईल अशी धमकी आल्याचं त्याने सांगितलं होतं. जुलैच्या सुरुवातीला गानचेवच्या हाताखाली ‘लष्करी-नागरी प्रशासन’ जाहीर झालं आणि त्याचं मुख्य ठाणं कुप्यान्स्क ठरलं. निवडणूक नाही, नगरसभेचा ठराव नाही. नावातला ‘लष्करी’ हा शब्द आधी येतो, आणि कारभारातही तोच आधी होता.

पण पोलीसच का? एखादा स्थानिक पुढारी का नाही? (सोलापूर)

पुढाऱ्याकडे भाषण असतं, पोलिसाकडे माहिती असते. परवान्याची बंदूक कुणाच्या घरात आहे, पूर्वेकडच्या डोनबासमध्ये फुटीरांशी लढायला कोण जाऊन आलं, कोण कुणाचा नातेवाईक, हे ठाण्यातल्या माणसाला ठाऊक असतं किंवा कसं काढायचं ते कळतं. कोठडी, दप्तर, शस्त्रागार सगळं एकाच इमारतीत. शिवाय जुने सहकारी: कोण येईल आणि कोण मरेल पण येणार नाही, याचा अंदाज त्याला असतो. इझ्यूम शहराचा कारभारही रशियाने एका माजी पोलिसाच्याच हाती दिला होता.

याचा अर्थ काय, ते याच प्रांतातल्या बालाक्लिया शहराच्या पोलीस ठाण्यात दिसलं. रशियन सैन्य तिथे असताना लोकांना त्याच कोठड्यांत डांबून छळलं गेलं. शहर सुटल्यावर तपास करणाऱ्यांना कोठडीच्या भिंतीवर ओरखडून लिहिलेली ख्रिस्ती प्रार्थना सापडली आणि शेजारी दिवस मोजायच्या रेघा. जिथे तक्रार घेऊन जायचं तीच जागा भीतीची झाली, की गावाला दुसरं दार उरत नाही.

कुप्यान्स्कच का, हेही इथेच सांगायला हवं. ओस्किल नदीवरचं ते मोठं रेल्वे जंक्शन. रशियाच्या बेल्गोरोद भागातून येणारी रसद तिथून इझ्यूमच्या आघाडीकडे जायची. त्या लोहमार्गामागचा मुलूख शांत ठेवणं, हे या प्रशासनाचं खरं काम. गानचेवने मात्र जुलैत हा प्रदेश रशियाचा अविभाज्य भाग असल्याचं सांगितलं.

असा कारभार रोजच्या जगण्यात कसा उतरतो? (पुणे)

व्याप्त भागांत क्रम साधारण ठरलेला दिसतो. आधी युक्रेनचं मोबाइल नेटवर्क आणि टीव्ही बंद होतात, मग रशियन सिमकार्ड येतं. शिध्याची खोकी नाव-पत्ता लिहून दिली जातात. त्यातून घरोघरची यादी आपोआप तयार होते. पेन्शन रुबलमध्ये. मग पासपोर्ट, आणि १ सप्टेंबरला रशियन अभ्यासक्रमाची शाळा. प्रत्येक पायरी सोयीची म्हणून पुढे येते आणि नाकारणारा माणूस आपसूक नजरेत भरतो.

माझा मुलगा २०२२ मध्ये खारकीवला मेडिकलला होता. तो या राजवटीखाली होता का? (नाशिक)

नाही. खारकीव शहर रशियाला कधीच घेता आलं नाही. आपली मुलं होती ती तोफांच्या माऱ्याखालच्या शहरात. २ मार्चला भारतीय दूतावासाने संध्याकाळी ६ च्या आत शहराबाहेरचं पेसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदिव्का गाठा, वाहन नसेल तर चालत जा, असं कळवलं होतं. गानचेवचं प्रशासन त्यानंतर चार महिन्यांनी आलं.

मग ते कोसळलं कसं? (कोल्हापूर)

पाच दिवसांत. ६ सप्टेंबरला युक्रेनचा प्रतिहल्ला सुरू झाला, ८ ला बालाक्लिया सुटलं, १० ला कुप्यान्स्क आणि इझ्यूम. सैन्य हटलं तसं प्रशासनही हटलं, कारण त्याच्या पायाशी दुसरं काही नव्हतंच. इझ्यूमबाहेरच्या पाइनच्या रानात चारशेहून अधिक मृतदेह उकरून काढावे लागले. ३० सप्टेंबरला रशियाने चार प्रांत जोडून घेतल्याची घोषणा केली. त्यांत खारकीव नव्हता. पद मात्र गानचेवकडे राहिलं.

तिथे राहिलेला डॉक्टर, मास्तर, वायरमन हे सगळे देशद्रोही ठरतात का? (डोंबिवली)

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. सगळ्यांना एकाच मापाने मोजणं अन्याय आहे. मार्च २०२२ मध्ये युक्रेनने फौजदारी संहितेत शत्रूला साथ देण्याच्या गुन्ह्याचं ‘१११-१’ हे कलम घातलं. त्यात पायऱ्या आहेत. स्वखुशीने साधी, बिनअधिकाराची नोकरी धरली तर १० ते १५ वर्षं सरकारी पदांवर बंदी. अधिकाराचं पद घेतलं तर ५ ते १० वर्षं कैद. व्याप्त सत्तेच्या पोलिसांत किंवा न्यायालयात शिरलं तर १२ ते १५ वर्षं. युद्धकाळातल्या देशद्रोहाला, म्हणजे कलम १११ खाली, १५ वर्षं किंवा जन्मठेप.

कळीचा शब्द ‘स्वखुशीने’. बंदुकीच्या धाकाने झालेली सही त्यात बसत नाही, पण धाक होता हे कोर्टात दाखवणं फार अवघड जातं. युद्धात नागरिकांना संरक्षण देणारा जिनिव्हाचा चौथा करार, कलम ५४, सांगतो की विवेकाला पटत नाही म्हणून काम सोडणाऱ्या अधिकाऱ्याला किंवा न्यायाधीशाला व्यापणाऱ्याने शिक्षा करू नये. दवाखाना, पाणी, वीज चालू राहणं ही लोकांची गरजच असते. म्हणूनच युक्रेनच्या १११-१ कलमाची शब्दरचना फार सैल आहे, अशी टीका संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने केली आहे, आणि ती रास्त आहे. रात्री खांबावर चढून तार जोडणारा वायरमन आणि कुणाच्या दारात गाडी पाठवायची ते ठरवणारा माजी पोलीस यांच्यातलं अंतर कायद्याच्या मजकुरात स्पष्ट उमटलंच पाहिजे.