डिशवॉशर चालूच होत नाही, पीसीबी बदलू का?

तुम्ही लिहिलंय की एमसीबी (मीटरच्या बोर्डावरचा, जास्त करंट झाला की आपोआप पडणारा स्विच) वर आहे, सॉकेटात करंट आहे, तरी बटण दाबलं की मशीन मुकं, एकही दिवा लागत नाही. आणि कंपनीच्या माणसानं न बघता फोनवरच पीसीबी, म्हणजे मशीन चालवणारा आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, गेला म्हणून सांगितलं. माझा एकच प्रश्न. सॉकेटात करंट आहे हे कशावरून ठरवलंत? टेस्टर लावून? मोबाइलचा चार्जर लावून? मग तुम्ही काहीच तपासलेलं नाही. राग मानू नका, आमच्या घरात नऊ शहाण्या माणसांनी हेच केलं होतं, आणि त्या नवांतले एक आमचे मोठे भावोजी.

आमचं घर वेंगुर्ल्याच्या बाजूला, दर्यापासून चालत पाच मिनिटांवर. दोन खोल्या पर्यटकांना देतो, जेवण आमच्याकडेच. लॉकडाऊन उठल्यावर भांड्यांना बाई मिळेना, तेव्हा मी माझ्या खानावळीच्या पैशातून डिशवॉशर घेतला. माझ्या पैशातून, हे मुद्दाम लिहिते. सासूबाई म्हणाल्या, "ह्यां खोक्यां कित्याक आणलंस? आमचे हात काय झडले?" त्यांचं मी मनावर घेतलं नाही, कारण त्यांनी खरंच आयुष्यभर विहिरीवर बसून राखेनं भांडी घासलीत, बोलायचा हक्क आहे. भावोजी डोंबिवलीला असतात. वर्षातून दोनदा येतात, जेवल्यावर ताट उचलून मोरीपर्यंतसुद्धा नेत नाहीत. ते म्हणाले, हे परदेशातल्या आळशी बायकांचं खूळ आहे. त्यांना मी तेव्हाच सांगितलं होतं की अमेरिकेत 1886 साली या यंत्राचं पेटंट घेतलं ते जोसेफिन कॉक्रेन नावाच्या बाईनं, आणि 1893 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडलं होतं. नोकरांच्या हातून तिच्या चिनी मातीच्या बशांचे टवके उडायचे, ते तिला सहन होईना. नवरा कर्ज ठेवून गेल्यावर तिनं त्याच यंत्राचा धंदा केला. आळशी बाई! पण भावोजींना असलं काही सांगितलं की ते पंखा वाढवायला उठतात.

तर ते मशीन बंद पडलं गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. कोकणात कधीही गणपतीला आला असाल तर पुढचं सांगायला नको. घरात बावीस माणसं, रात्री भजनाची मंडळी, त्यांची उसळ, त्यांचे चहाचे कप. रात्री साडेअकराला मी मशीन भरलं, साबणाची वडी टाकली, दार लावलं, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. दिवा नाही, आवाज नाही. मला घाम फुटला, कारण मागे ओट्यावर तेवढीच भांडी अजून बाकी होती.

मग सगळे जमले. पुतण्यानं एमसीबी खाली-वर केला. नवऱ्यानं मागे हात घालून कसाबसा प्लग काढला आणि सॉकेटात टेस्टर घातला, टेस्टर झकास पेटला. पुतण्यानं त्याच सॉकेटात मोबाइल लावला, तो चार्ज व्हायला लागला. झालं. "करंट आहे, मशीनच गेलं." कंपनीच्या तंत्रज्ञाला फोन केला तर तो म्हणाला, गणपती झाल्याशिवाय येत नाही, पण दिवेच लागत नाहीत म्हणजे पीसीबी, साधारण अकरा हजार धरून चाला.

आणि भावोजी सोफ्यावरून म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. विहिरीच्या खाऱ्या पाण्यानं खाल्लं. त्यात तुम्ही वर आणखी मीठ घालता."

या मिठाबद्दल आधी बोलून घेते, कारण हा वाद आमच्याकडे तीन वर्षं चालला आणि तुमच्या घरातही कोणीतरी हे म्हणणारच. मशीनच्या तळाशी जे मीठ घालतात ते भांड्यांना लागत नाही. आत पाणी मऊ करणारी एक कुपी असते, तिच्यात राळेचे बारीक मणी असतात. ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात. मणी भरले की मिठाचं पाणी त्यांच्यावरून फिरतं, धरलेलं सगळं सुटतं आणि गटारात जातं. एवढंच त्या मिठाचं काम. सासूबाई म्हणाल्या होत्या, "दर्याकडे रवान मीठ इकत आणतंस? शिरोड्याचा मीठ घाल त्यात." शिरोड्याच्या मिठागरांचा मला अभिमान आहे, 1930 चा मिठाचा सत्याग्रह आमच्याच तालुक्यात झाला. पण मिठागराच्या मिठात मॅग्नेशियम असतंच, म्हणजे जे काढायचं तेच आपण ओतायचं. म्हणून विकतचं, डिशवॉशरचं, जाड दाण्याचं मीठ. आणि आमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात थोडं मचूळ होतं हे खरं, पण पाण्यानं मशीन खराब झालं तर गळेल, घरघरेल, भांड्यांवर पांढरे डाग ठेवेल. एका रात्रीत सगळे दिवे घेऊन जाणार नाही. एवढं साधं डोंबिवलीत बसून कळत नाही.

असो. पुढचे चार दिवस मी, जाऊबाई आणि दोन पुतण्या मिळून हातानं भांडी घासली. भावोजींनी सुचवलं की केळीच्या पानावर जेवू या. जेवलो. पण टोप, कढया, डाव, पातेली, वाट्या पानावर शिजत नाहीत ना.

गौरी-गणपती पाण्यात गेले, मंडळी सावंतवाडीची गाडी पकडायला निघाली. दुसऱ्या दिवशी बघते तर मशीनखालून मुंग्यांची रांग. मोदकाचं सारण सांडलं होतं कुठेतरी मागे. मी मशीन पुढे ओढलं झाडायला, आणि पहिल्यांदाच तो प्लग उजेडात नीट बघितला. तीन पिनांतली एक पिन तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी करपलेली. सॉकेटातलं तिचं भोक, आपण समोर उभं राहिलो की डावीकडचं, कडेनं तपकिरी होऊन वितळलेलं. नाक जवळ नेलं तर अजून जळका वास.

डावीकडचं भोक न्यूट्रलचं, म्हणजे करंट परत जातो त्या वायरीचं. टेस्टर पेटतो फेजवर, म्हणजे करंट येतो त्या वायरीवर. न्यूट्रल पूर्ण मेला असला तरी टेस्टर तुम्हाला गोड हसून दाखवणार, कारण त्याला परतीची वाट तुमच्या बोटातून मिळते. मशीनला ती न्यूट्रलमधूनच लागते. आणि चार्जर? पॉवर सॉकेटमध्ये जाड आणि बारीक दोन्ही पिना जातात, पण बारीक पिना सॉकेटातल्या धातूच्या पत्तीला वेगळ्या जागी धरतात. ती जागा चांगली होती. जाड पिनेची जागा जळून काळी पडली होती. शिवाय चार्जरला करंट लागतो तो किती? डिशवॉशरचा हीटर साधारण 2000 वॅट, म्हणजे आठ-नऊ अँपिअर, आणि तेसुद्धा प्रत्येक धुण्यात बराच वेळ. पत्ती जरा ढिली असली की तिथे गरम होतं, गरम झालं की काजळी धरते, काजळीनं आणखी गरम होतं. त्यात आमची खारी हवा. इथे खिडकीचे स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतात, तांब्याच्या वायरीवर हिरवं चढतं, फ्रिजच्या मागची जाळी हातात येते. सॉकेटातली पत्ती काय वेगळी आहे?

गावातल्या वायरमनला बोलावलं. नवीन 16 अँपिअरचं सॉकेट, नवीन प्लग, मागची करपलेली वायर चार बोटं कापून पुन्हा जोडली. सामान साडेतीनशे, त्याचे दोनशे. बटण दाबलं, दिवा लागला. अकरा हजारांचा पीसीबी जागच्या जागी ठणठणीत. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "म्हंजे खोक्यां नाय, पलग मेलो!"

आता हे सॉकेट मशीनच्या बरोबर मागे, भिंतीला चिकटून, कुणाला दिसणार नाही अशा जागी कोणी बसवायला लावलं? मशीन यायच्या आधी, 2019 ला स्वयंपाकघर नवीन केलं तेव्हा भावोजी देखरेखीला आले होते. मी म्हटलं होतं, ओट्याच्या वर, हाताला येईल असं द्या. ते म्हणाले, वायरी लोंबलेल्या वाईट दिसतात. प्लगवर मशीनची पाठ दाबली जाते, वायर मुरगळते, हवा नाही, कोणी वर्षानुवर्षं बघत नाही. मी त्यांना त्या करपलेल्या पिनेचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "तरी मी म्हणत होतो, एकदा वायरिंग बघून घ्या." आता सॉकेट ओट्याच्या वर आहे. वायर दिसते. दिसू दे.

तर तुमच्यासाठी. एमसीबी बंद करा, मशीन पुढे ओढा, प्लग काढून तिन्ही पिना बघा, भोकं बघा, वास घ्या. मग एमसीबी चालू करून त्याच सॉकेटात जाड पिनांचं काहीतरी लावा, गीझर, ओव्हन, जे असेल ते, आणि पाच मिनिटं चालवून बघा. भोक वितळलेलं दिसलं तर मात्र काही लावू नका, थेट वायरमन. सॉकेट चांगलं निघालं तर मशीनच दुसऱ्या पॉवर सॉकेटजवळ न्या. मिक्सरची पातळ एक्स्टेंशन वापरू नका, तीच पेटेल. तिथेही मुकं राहिलं तर मग मशीनची वायर, आतला फ्यूज, आणि सगळ्यात शेवटी पीसीबी. अकरा हजार सगळ्यात शेवटी.

दिवे लागतात पण मशीन चालत नाही, हा वेगळा आजार, तुमचा तो नाही, म्हणून थोडक्यात: दाराची कडी टक् करून बसली का (खालच्या जाळीत डावाचा दांडा आडवा आला की बसत नाही), लहान मुलांचं कुलूप लागलंय का, उशिरा सुरू करण्याची वेळ चुकून लावलीय का, नळ उघडा आहे का. आणि आतला पंप नुसता घुंऽ करत राहिला, थांबतच नसेल, तर तळाच्या ट्रेमध्ये पाणी साचलंय, कुठेतरी गळतंय.

हे सगळं वाचून पीसीबी कधीच जात नाही असं समजू नका. जातो. इथे तर मुंग्या आणि पाली उबेला आत शिरतात, आमच्या विहिरीच्या पंपाच्या स्टार्टरमध्ये एक पाल भाजून निघाली होती. व्होल्टेज फार पडत असेल तरी मशीन रुसतं, ते वायरमनकडून मोजून घ्या. आणि मशीन वॉरंटीत असेल तर कंपनीचा प्लग कापण्याआधी त्यांना विचारा. मी विचारलं नव्हतं, माझी वॉरंटी संपलेली होती. अर्थिंगसुद्धा त्याच वेळी बघून घ्या, पाण्याचं मशीन आहे.

पिनांचा फोटो इथे टाका. सॉकेटच्या डाव्या भोकात जाणारी पिन स्पष्ट दिसू दे.