तुझ्या वहीबद्दल

अंबाजोगाई

लेकरा,

तुझी वही दोनदा वाचली. अकरा जुने सिनेमे पाहिलेस, साल, दिग्दर्शक, नटनट्या नीट टिपल्यास, प्रत्येकाला पाचपैकी तारे दिलेस. पण कुठं पाहिलेस, शेजारी कोण होतं, याचा एक शब्द नाही. मला तेच वाचायचं होतं.

माझं सांगतो. 'पिंजरा' १९७२चा. त्या साली आपल्याकडं दुष्काळ. आई-वडील खडी फोडायला जायचे, आम्ही लेकरं सुकडीच्या, म्हणजे दुष्काळात वाटायच्या खाऊच्या, रांगेत. सिनेमा गावापर्यंत यायला आणखी दोन-तीन वर्षं लागली, तोही चैत्रातल्या जत्रेत, तंबूत. एकच मशीन, म्हणून रीळ संपलं की अंधार आणि शिट्ट्या. बाया एका अंगाला, गडी दुसऱ्या, बसायला घरून आणलेलं पोतं. त्या रात्री मला दिसले ते रंग आणि संध्याबाईंचा नाच. श्रीराम लागूंचे मास्तर कधी बाजूला होतात याची वाट बघत होतो.

पुढं मीच मास्तर झालो. पन्नाशीत तोच सिनेमा पाहिला आणि शेवटाला जागचं उठवेना. गाव ज्याचा पुतळा उभारतं, तोच माणूस स्वतःच्या खुनाचा आरोपी म्हणून उभा आहे, आणि गावाची श्रद्धा मोडू नये म्हणून गप्प आहे. लोक वाकून नमस्कार करतात तेव्हा मास्तरच्या पोटात काय होतं, ते तोवर मला ठाऊक झालं होतं. नाचगाणी मात्र आता लांबलेली वाटली. दोन्ही मतं माझ्या वहीत आहेत, पहिलं खोडलं नाही. तूही खोडू नकोस.

'संत तुकाराम'ला (१९३६) चमत्कार जुनाट म्हणून तीन तारे दिलेस. चमत्कार सोड, गौरीबाईंची आवली बघ. विष्णुपंत पागनीसांचे डोळे अभंगात मिटतात, तिथं हिला लेकरांची भूक दिसते. माझी आजी विठ्ठलासाठी तंबूत वहाणा काढून बसली होती. घरी येताना रस्ताभर बोलली ती आवलीबद्दल.

आणि 'सामना'. 'सहकारातल्या सत्तेवरचं भाष्य', १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला, असं लिहिलंस. बरोबर आहे, पण ते कुणाच्याही वहीत सापडेल. मी पाहिला तेव्हा साखर कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, कोयते, म्हणजे ऊसतोड करणारी जोडपी, गावाकडं परतले होते. निळू फुले दिसले की एरवी तंबू शिव्यांनी दणाणायचा. त्या दिवशी माझ्यापुढं बसलेली ऊसतोड्यांची टोळी चिडीचूप. अंगावर उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, असलेला माणूस कारखान्याच्या चेअरमनकडं जसा बघतो, तशी बघत होती. 'मारुती कांबळेचं काय झालं?' हा सिनेमातल्या बेपत्ता माणसाबद्दलचा प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिला, तेव्हा त्यातला एक हळूच बोलला, ''आमच्या टोळीतला बी एक असाच गेला. कुनी इचारलं नाई.'' जब्बार पटेलांचा सिनेमा मला त्या वाक्यानं कळला.

तुझी आजी अठरा हंगाम ऊस तोडायला गेलेली. उन्हाळ्यात येशील तेव्हा मोबाइलवर नको, आमच्या टीव्हीवर 'सामना' लावू. तिला घेऊन ये, चष्मा विसरू देऊ नको. ती मधेच बोलायला लागली तर आवाज बारीक कर आणि वही उघड.

तुझा,
मास्तरकाका