ताई, कॉम्प्युटर लय स्लो चालून राह्यला

नागपुरात सीताबर्डीच्या एका गल्लीत, जिन्याखालच्या छोट्या गाळ्यात मी बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करते आहे. आलेल्या माणसाला माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कधीपासून स्लो झाला? "कूलर लावला तेव्हापासून" असं उत्तर आलं की मी पेचकस हातात घेते. "भाच्यानं काहीतरी डाउनलोड केलं तेव्हापासून" म्हटलं की माउस. या सदराला वाचकांची या वेळी आलेली बहुतेक पत्रं याच तक्रारीची आहेत, म्हणून बहुतेक जागा तिलाच दिली आहे.

प्रश्न : माझा कॉम्प्युटर २०१८ चा आहे. सकाळी ठीक चालतो, दुपारी बारानंतर माउसही अडकत चालतो. दोन वेळा आपोआप बंद पडला. पंख्याचा आवाज मिक्सरसारखा येतो. गरम होऊ नये म्हणून टेबल कूलरच्या समोरच ठेवलं आहे. मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो की फॉरमॅट करा. करू का? (निवृत्त शिक्षक, महाल)

गुरुजी, फॉरमॅट अजिबात करू नका. तुमच्या फाइली सकाळी ज्या असतात त्याच दुपारी असतात. बदलतं ते खोलीचं तापमान.

प्रोसेसर कामाला लागला की आसपासच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. समजा तुमचा पन्नास अंशांनी तापतो. जानेवारीत खोलीत २० अंश असले तर तो ७० वर राहील, त्याला काही त्रास नाही. मे महिन्यात जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली, दुपारी ४२ अंश सहज होतात. म्हणजे झाले ९२. त्यात धुळीनं वारा अडला की आकडा शंभरावर टेकतो. तिथं पोचल्यावर प्रोसेसर स्वतःला जपायला आपला वेग उतरवतो, आणि तरीही उष्णता उतरली नाही तर मशीन सरळ बंद होतं. तुमच्या पत्रात ही दोन्ही लक्षणं आहेत. २३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता. त्या आठवड्यात माझ्या टेबलावर एकामागून एक कॅबिनेट आले आणि जवळपास सगळ्यांना हाच रोग होता.

आता कूलर. तुम्ही काळजीपोटी केलं, पण तेच नडलं. कोरडी धूळ ब्रशनं उडते. कूलरच्या ओलसर हवेत तीच धूळ पंख्याखालच्या पत्र्यांवर गोधडीसारखी बसते, तिच्यात ताट्यांच्या गवताचे तुकडे अडकतात, आणि बोअरचं पाणी असेल तर वर पांढरा थर चढतो. कूलर खोलीत खुशाल चालू द्या, कॉम्प्युटर त्याच्या झोतातून बाजूला घ्या. जमिनीवर असेल तर पाटावर ठेवा, आणि मागं भिंतीपासून वीतभर जागा सोडा.

सफाई अशी करा. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, मग सुरू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेट गच्चीत किंवा ओसरीवर न्या. मागचे दोन स्क्रू काढले की बाजूचं झाकण सरकतं. नवा, मऊ, एक इंची रंगाचा ब्रश घ्या. ब्लोअर असेल तर मारा, पण पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगानं फिरून त्याची बेअरिंग जाते. खरी गोधडी पंखा आणि त्याखालच्या पत्र्यांच्या मधे असते. वरून कितीही झटकलं तरी ती निघत नाही, पंखा सोडवावा लागतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज तयार होते. वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला आम्ही एसएमपीएस म्हणतो, तो कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात धक्का देण्याइतकी वीज शिल्लक असू शकते.

२०१८ पासून कुणी हात लावला नसेल तर प्रोसेसर आणि त्यावरच्या धातूच्या ठोकळ्यामधली पेस्ट सुकून खडू झाली असणार. ती आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसून नवी लावायची, तुरीच्या दाण्याएवढी. जास्त लावली म्हणून जास्त थंड होत नाही. हे काम घरी जमणार नाही असं वाटलं तर दुकानात करून घ्या, मात्र समोर बसून करून घ्या. मुलाला सांगा, फॉरमॅटची गरज पडली नाही.

प्रश्न : मुलीचा लॅपटॉप सहा वर्षांपूर्वी घेतला. सुरू व्हायला सात-आठ मिनिटं लागतात. तिचे ऑनलाइन फॉर्म भरायचे असले की रडकुंडीला येते. एका दुकानात दाखवला तर त्यांनी पाहता पाहता सांगितलं, जुना झाला, नवा घ्या. मी घरी शिवणकाम करते. लगेच नवा घेणं शक्य नाही. (एक वाचक, मानेवाडा)

ताई, तुमचं पत्र वाचून मला त्या दुकानदाराचा राग आला. तपासल्याशिवाय "नवा घ्या" म्हणणं म्हणजे ताप न मोजता सलाइन लावणं.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने दिसतील. लॅपटॉप रखडत असताना कोणता रकाना शंभराला चिकटलेला आहे ते पाहा. माझा अंदाज आहे की डिस्क. मग परफॉर्मन्स या पानावर डिस्कच्या नावाखाली एचडीडी लिहिलं आहे की एसएसडी ते वाचा.

एचडीडी असेल तर दुखणं सापडलं. हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते, लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्या. तिच्यावर एक सुई इकडून तिकडे धावत माहिती शोधते. प्रत्येक शोधाला साधारण दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात. ऐकायला थोडे वाटतात, पण विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली शोधते, आणि तिथंच तुमची सात मिनिटं जातात. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं. तिचा शोध हार्डडिस्कच्या साधारण शंभरपट लवकर होतो. एसएसडी बसवली की असे लॅपटॉप मिनिटाच्या आत सुरू होतात. हे मी शेकडो वेळा केलं आहे आणि तरी प्रत्येक वेळी समोरच्याचा चेहरा पाहून आनंद होतो. खर्च नव्या लॅपटॉपच्या एका लहान हिश्श्याएवढा. रॅम, म्हणजे टास्क मॅनेजरमधली ती मेमरी, ४ जीबी असेल आणि लॅपटॉपमध्ये जागा असेल, तर त्याच वेळी ८ करून घ्या.

दुकानात सांगा की जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर हवी. म्हणजे मुलीचा अभ्यास, फोटो, सगळं जागच्या जागी राहील. जुनी डिस्क परत मागून घ्या. छोट्या डबीत घालून ती यूएसबीवर चालते, फोटोंची दुसरी प्रत ठेवायला कामी येते.

आणि लॅपटॉपमधून टक-टक असा आवाज येत असेल तर हे सगळं थांबवा. ती मरणाऱ्या डिस्कची खूण आहे. सफाई नको, डीफ्रॅग (डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे एकत्र लावणं) नको. आधी मुलीच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या. डीफ्रॅगचा विषय निघालाच आहे तर एक सांगते: एसएसडी बसवल्यावर डीफ्रॅगची बाहेरची कोणतीही प्रोग्रॅम चालवू नका. तिची जी निगा लागते ती विंडोज स्वतःच आठवड्याला करते.

प्रश्न : ताई, दुकानातला कॉम्प्युटर लय स्लो चालून राह्यला. रोज रात्री बंद करतो, तरी तसाच. दोन अँटीव्हायरस टाकले, एक बूस्टर टाकला, एक रजिस्ट्री क्लीनर टाकला. काल लाल रंगाची पाटी आली की व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा. करू का? (किराणा दुकानदार, इतवारी)

भाऊ, फोन करू नका. हे आधी. ती पाटी वेबसाइटवर दाखवलेलं चित्र आहे, विंडोज कधीही फोन नंबर देऊन बोलवत नाही. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. फोन केलाच असेल आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा, तो सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. जितक्या लवकर कराल तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आता स्लोचं. दोन अँटीव्हायरस म्हणजे एका दारावर दोन चौकीदार, आणि दोघंही प्रत्येक पोतं उघडून बघणार. दोन्ही काढा. विंडोजमध्ये डिफेंडर आधीपासूनच असतो आणि दुकानाच्या कामाला तो पुरतो. बूस्टर काढा, रजिस्ट्री क्लीनर काढा. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची सेटिंग्जची नोंदवही. रजिस्ट्री साफ करून वेग वाढलेला मी एकदाही पाहिला नाही, बिलिंगचं सॉफ्टवेअर बंद पडलेलं मात्र पाहिलं आहे. मग टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर जा आणि सुरू होतानाच उठून बसणाऱ्या ज्या प्रोग्रॅम तुम्ही ओळखता आणि ज्यांची गरज नाही, त्या डिसेबल करा.

रोज बंद करूनही फरक का पडत नाही, हे तुम्ही बरोबर हेरलं आहे. विंडोज ८ पासून शटडाउन पूर्ण नसतो. पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवते आणि सकाळी तोच परत आणते, कालच्या अडचणींसकट. रीस्टार्ट केलं तरच सगळं नव्यानं सुरू होतं. म्हणून आठवड्यातून एकदा रीस्टार्ट.

प्रश्न : लग्नपत्रिकांचं डीटीपी करतो. पेजमेकर आणि कोरल उघडायलाच फार वेळ लागतो. (महाल)

फॉन्टचं फोल्डर उघडून मोजा. वर्षानुवर्षं मित्रांकडून घेतलेले हजार-दोन हजार फॉन्ट सापडतील, आणि उघडताना या प्रोग्रॅम तेवढी यादी वाचत बसतात. सगळ्यांची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या, रोज लागणारे ठेवा, बाकीचे काढा. विंडोजचे स्वतःचे, मंगल आणि निर्मलासारखे, काढू नका.

प्रश्न : उन्हाळ्यात कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. (नंदनवन)

याला वेगाशी संबंध नसेल म्हणून सोडून देऊ नका. अर्थिंग सुटलं आहे. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, येईपर्यंत आपल्याकडची जमीन इतकी वाळते की अर्थिंगच्या खड्ड्यातून वीज नीट जमिनीत उतरत नाही. खड्ड्यात आठ दिवसांनी बादलीभर पाणी घाला आणि इलेक्ट्रिशियनकडून तिसऱ्या पिनेची तार तपासून घ्या. तोपर्यंत कॉम्प्युटर बंद ठेवा. घरात लहान मूल असेल तर आजच.

प्रश्न : किती दिवसांनी काय करायचं, ते एकदा सांगा ना. (अनेक वाचक)

मी तारखा पाठ करत नाही, सणांवर बांधून घेतलं आहे. होळीच्या सुमारास आपण माळ्यावरून कूलर उतरवतो, त्याच रविवारी कॅबिनेट उघडून सफाई. मृगाच्या आधी यूपीएस: प्लग काढून पाहायचं, पाच मिनिटं तरी तगतो का. आतली १२ व्होल्टची बॅटरी आपल्या उष्णतेत दोन-तीन वर्षांत दम सोडते. गडगडाट सुरू झाला की विजेचा प्लग काढायचा आणि इंटरनेटची तांब्याची तार येत असेल तर तीही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे ईडा पीडा गावाबाहेर नेणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, निघते. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ऐकून घरी आले की मी वर्षभरात न वापरलेल्या प्रोग्रॅम काढते आणि सी ड्राइव्हची जागा पाहते. पाचवा हिस्सा मोकळा हवा. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स असं गेलं की काय काय पुसायचं त्याची यादी येते. इथं फार जपा. त्या यादीत डाउनलोड्स हेही एक नाव असतं. त्यावर टिक असेल तर काढा. लोकांच्या मार्कशीट, सातबारा, विम्याची कागदं तिथंच पडलेली असतात, आणि ती एका टिकेपायी गेलेली मी पाहिली आहेत. दिवाळीच्या सुट्टीत फोटोंची दुसरी प्रत, वेगळ्या डिस्कवर.

प्रश्न : विंडोज १० वरच राहिलो तर कॉम्प्युटर स्लो होईल का? (हिंगणा)

त्यामुळे स्लो होणार नाही. पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून बँकेच्या कामाला मी तो वापरू देत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. तुमचं मशीन त्यात बसत नसेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवता येते. फुकट आहे, जुन्या मशीनवर हलकी चालते, मराठीही नीट दिसते.

प्रश्न : सुरू केल्यावर तारीख दरवेळी कित्येक वर्षं मागं जाते आणि बँकेची साइट "सुरक्षित नाही" म्हणते. (सदर)

मदरबोर्डवरचा सेल संपला आहे. सीआर २०३२, तीन व्होल्टचा, नाण्यासारखा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख चुकली की ब्राउझरला साइटचं प्रमाणपत्र मुदतीबाहेरचं वाटतं, म्हणून ती सूचना येते. प्लग काढून सेल बदला, तारीख नीट लावा. जुना काढताना अधिकची खूण कोणत्या बाजूला होती ते आधी पाहून ठेवा.