रोज त्याच त्या म्यूसलीचा कंटाळा आला आहे. कोणते प्रकार खाऊन पाहावेत आणि ते कसे खावेत?

आपली तक्रार अशी आहे की, निरनिराळी पाकिटे आणूनही चव सारखीच लागते आणि दूध ओतल्यावर थोड्याच वेळात सगळ्याचा लगदा होतो. या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे, असे मला वाटते. पाकिटावरचे चित्र बदलले तरी आतला मोठा हिस्सा ओट्सचाच असतो, आणि आपण तो दरवेळी त्याच थंड दुधात तितकाच वेळ भिजवतो. म्हणून नवे पाकीट आणण्याआधी कशात भिजवायचे, किती वेळ भिजवायचे आणि कोणता घटक कधी घालायचा, या तीन गोष्टी बदलून पाहाव्यात.

प्रकारांचे म्हणाल तर मुख्य फरक भाजण्याचा आहे. साध्या म्यूसलीत ओट्स, बिया, सुकामेवा आणि सुकवलेली फळे नुसती एकत्र केलेली असतात. टोस्टेड म्यूसलीत धान्य आधी भाजून घेतलेले असते. ज्यात खाताना कुरकुरीत गोळे लागतात, ती क्रंची म्यूसली साखर किंवा मध आणि तेल घालून भाजलेली असते. ती खरे तर ग्रानोलाची, म्हणजे ओट्सच्या गोड, भाजलेल्या मिश्रणाची, सख्खी बहीणच आहे. साधी म्यूसली भिजवण्यासाठी आणि कुरकुरीत म्यूसली दह्यावर पसरून लगेच खाण्यासाठी, असा ढोबळ नियम ठेवला तरी निम्मी निराशा टळते. कुरकुरीत म्यूसली रात्रभर भिजवली तर तिच्यासाठी मोजलेले जास्तीचे पैसे पाण्यात गेलेच म्हणून समजा. उलट साधी म्यूसली दूध ओतून लगेच खाल्ली की भुसा चावल्यासारखे वाटते, आणि पुष्कळांचे म्यूसलीबद्दलचे वाईट मत तिथेच तयार होते.

ओट्सशिवाय दुसरी धान्ये असलेले मिश्रण मिळाले, तर ते अवश्य खाऊन पाहावे. राय आणि बार्ली यांचे पोहे चिवट असतात, भिजल्यावरही दाताखाली लागतात आणि त्यांना स्वतःची किंचित तुरट, मातकट चव असते. कॉर्नफ्लेक्स मिसळलेली म्यूसली मात्र मी टाळते. तिच्यातले कॉर्नफ्लेक्स सर्वांत आधी मऊ पडतात, आणि आपण म्हणता तो लगदा बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो.

आता भिजवण्याविषयी. म्यूसलीची मूळ कृतीच भिजवण्याची आहे. स्विस डॉक्टर मॅक्सिमिलियन बिर्चर-बेनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी झुरिचमधील आपल्या आरोग्यधामात रुग्णांना जो पदार्थ दिला, त्यात ओट्स जेमतेम एक मोठा चमचा होते आणि प्रमुख घटक होता सफरचंद. भिजवलेल्या ओट्समध्ये लिंबाचा रस आणि गोड आटवलेले दूध कालवायचे, त्यात सफरचंद सालीसकट किसायचे आणि वरून बारीक केलेले हेझलनट किंवा बदाम घालायचे, अशी ती कृती होती. ती आजही करून पाहण्यासारखी आहे, पण सफरचंद अगदी शेवटी आणि थेट लिंबू घातलेल्या मिश्रणातच किसावे. किसल्यावर फळातल्या विकरांचा (एन्झाइमांचा) हवेशी संबंध येऊन कीस तांबूस पडू लागतो, आणि लिंबाचा आंबटपणा ही क्रिया रोखतो. आंबटपणाचे दुसरे काम चवीचे आहे. ओट्स मुळात मवाळ असतात. त्यांना साखरेपेक्षा आंबटाची गरज जास्त असते, हे माझे ठाम मत आहे.

घरी करायचे असेल तर एक वाटी साध्या म्यूसलीला दीड ते दोन वाट्या द्रव घ्यावा आणि झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. ओट्समधील बीटा-ग्लुकन हा विरघळणारा तंतू पाणी शोषून दाटपणा आणतो, त्यामुळे सकाळी मिश्रण खिरीसारखे झालेले असते आणि थोडे दूध घालून सैल करावे लागते. मनुका फुगून त्यांचा गोडवा द्रवात उतरलेला असतो, म्हणून वेगळी साखर चव पाहिल्याशिवाय घालू नये. दूध, पातळ केलेले दही आणि निम्मे पाणी घातलेला संत्र्याचा किंवा सफरचंदाचा रस अशा तीन वाट्यांत एकाच पाकिटातली म्यूसली भिजवून सकाळी शेजारी ठेवून चाखली, तर ती एकाच पाकिटातली आहे यावर विश्वास बसत नाही. बदाम, अक्रोड आणि भोपळ्याच्या बिया मात्र खातानाच घालाव्यात. मऊ म्यूसलीत मध्येच कुरकुरीत घास लागणे, हीच तर त्यातली गंमत आहे.

एक सावधगिरी सांगते. कच्चे किवी किंवा अननस दुधात अथवा दह्यात रात्रभर ठेवू नये. त्यांतील विकरे दुधातली प्रथिने तोडतात आणि सकाळी मिश्रण कडू लागते. ही फळे खाण्याच्या क्षणी चिरून घालावीत.

गरम म्यूसलीकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. साधी म्यूसली कोरड्या कढईत मंद आचेवर, खमंग वास सुटेपर्यंत परतावी, पण मनुका आणि इतर सुकी फळे आधी वेचून काढावीत. ती लवकर करपतात आणि कडू होतात. मग गरम दूध ओतून पाच मिनिटे झाकून ठेवावे आणि चिमूटभर मीठ घालावे. थंड म्यूसली ज्यांना अजिबात आवडत नाही, त्यांनाही ही आवडण्याचा संभव आहे.

विकत घेताना पाकिटाची मागची बाजू वाचावी. ब्रिटनमधील लेबलांच्या निकषांनुसार 100 ग्रॅममध्ये 5 ग्रॅमपर्यंत साखर कमी आणि 22.5 ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर ती अधिक मानली जाते. सुक्या फळांची साखरही या आकड्यात धरलेली असते, त्यामुळे आकड्याबरोबर घटकांची यादी पाहावी आणि साखर, मध किंवा सिरप कितव्या क्रमांकावर आहे ते तपासावे. ज्यांना ग्लुटेन वर्ज्य आहे, त्यांनी गहू, राय आणि बार्ली असलेली मिश्रणे घेऊ नयेत आणि ओट्सही ग्लुटेनमुक्त असे स्पष्ट लिहिलेलेच घ्यावेत.

शिवाय पाकीट हलत राहिले की बारीक चुरा तळाशी जातो आणि बदामासारखे मोठे तुकडे वर येतात, म्हणून शेवटच्या वाट्या नेहमी गरीब निघतात. संपूर्ण पाकीट रुंद डब्यात ओतून दरवेळी तळापासून ढवळून घ्यावे. तरीही चुरा उरलाच, तर तो दाट दह्यात रात्रभर भिजवावा. दुधात त्याची पेज होते.